मांडणीवरील भांडी : गृहिणीच्या उपकरणसंग्रहाचा एक विचार

स्वयंपाकघरातील उपकरणांचा गृहिणीला असलेला सोस हा आपल्याकडे विनोदाचा विषय झालेला आहे. समीक्षेचा विषय तो अद्याप झालेला नाही. विनोदी लेखातील नवरा फळीवरच्या वस्तूंची यादी वाचून दाखवितो : किसण्यांचा संच, दोन सोरे, एक पुरणयंत्र, वर्षातून एकदा निघणारे मोदकपात्र, एकदाच निघालेले आप्पेपात्र, आणि मिक्सरबरोबर आलेली, खोक्यातून कधीच बाहेर न पडलेली निरनिराळी पाती. वाचक हसतो. ह्या हसण्यामागे एक अभिप्राय गृहीत धरलेला असतो. वस्तू गरजेसाठी घ्यावी. हिने ती हौसेसाठी घेतली. म्हणून ही हौस म्हणजे एक प्रकारचा अविचार होय, असा तो अभिप्राय. थोडा अधिक वाचलेला टीकाकार असला तर तो थॉर्स्टीन व्हेब्लेन ह्याचे नाव घेतो. ऐश्वर्य लोकांच्या डोळ्यांत भरावे म्हणून केलेला उपभोग, ही कल्पना व्हेब्लेनने १८९९ मध्ये मांडली. ती येथे चिकटविली की विवेचन संपले, असे समजण्याचा प्रघात पडलेला आहे.

हा अभिप्राय तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. व्हेब्लेनच्या उपपत्तीस पाहणारा लागतो. आपल्या जुन्या घरात पाहुणा बसे तो ओसरीवर किंवा सोप्यात. स्वयंपाकघर माजघराच्याही पलीकडे असे, आणि तेथपर्यंत येणारी माणसे घरचीच असत. मांडणीवर घासूनपुसून लावलेली पितळेची भांडी दिसावीत अशी इच्छा गृहिणीच्या मनात असे, हे खरे. परंतु ती दिसणार कोणाला, तर जावेला, नणंदेला, शेजारणीला. ज्या प्रेक्षकवर्गाचे मत घराबाहेर कोणी विचारीत नव्हते, त्याच्यासाठी केलेले हे प्रदर्शन आहे. त्याला ऐश्वर्याचे प्रदर्शन म्हणण्यापूर्वी थोडे थांबावयास हवे.

ह्या विवेचनासाठी अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) निवडला आहे. भांड्यांकडे गंभीरपणे पाहावयास महाराष्ट्रातील संशोधक जेथे शिकला, त्या स्थळांत ह्या जिल्ह्याचा मान मोठा आहे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे ह्या गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले, आणि तेथे सापडलेल्या मृत्पात्रांवरून दख्खनच्या ताम्रपाषाणयुगातील एका संपूर्ण संस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले. इ. स. पूर्व सुमारे १४०० पासून पुढील काही शतके महाराष्ट्रात पसरलेली ती जोर्वे संस्कृती. तिची ओळख कशावरून पटते ? राजाच्या नावावरून नव्हे, देवाच्या मूर्तीवरूनही नव्हे. तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेल्या भांड्यांवरून, कंगोरेदार वाडग्यांवरून आणि तोटीच्या पात्रांवरून. प्रवरेच्याच काठी नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी ह्यांनी १९५४ ते १९५६ ह्या काळात उत्खनन केले. तेथील सातवाहनकालीन थरांत फिरत्या जात्याचे अवशेष मिळाले, आणि ह्या एका घरगुती उपकरणावर सांकलियांनी १९५९ मध्ये स्वतंत्र शोधनिबंध लिहिला. सपाट दगडावर गुडघे टेकून, पुढेमागे रेटीत दळणारी स्त्री जात्याशी बसून खुंटा फिरवू लागली, ही घटना कोणत्याही राज्यक्रांतीहून लहान नव्हती. दायमाबादला १९७४ मध्ये मिळालेला कांस्यरथ आणि त्याच्याबरोबरचे हत्ती, गेंडा व रेडा सर्वांना ठाऊक असतात. त्याच मातीतील खापरे मात्र तज्ज्ञांपुरतीच राहतात, हे ओघाने सांगून ठेवतो.

येथे एक विसंगती स्पष्ट दिसते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीजवळ पाच प्रकारची भांडी आढळली, तर आपण त्यास सांस्कृतिक समृद्धी म्हणतो. आजच्या ओट्यावर पंधरा प्रकारची आढळली, तर त्यास सोस म्हणतो. काळाचे अंतर सोडले तर दोन्ही संग्रहांच्या स्वरूपात असा कोणता भेद आहे, हे सांगण्याची जबाबदारी टीकाकाराने अद्याप घेतलेली नाही.

आता संग्रहाकडेच वळू. नगर शहरी तांब्यापितळेची भांडी घडविण्याचा उद्योग जुना आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेतील १८८४ च्या जिल्हाखंडातही त्याची दखल घेतलेली आहे. भांडे विकत घेतले की दुकानातच त्यावर नाव घालून घ्यावयाचे, ही रीत आपल्याकडे सर्वत्र रूढ झाली. पूर्वी हे काम छिन्नीने ठिपके ठोकून होत असे, पुढे विजेवर चालणाऱ्या लेखणीने होऊ लागले. ह्या रीतीचे व्यावहारिक कारण उघड आहे. लग्नकार्यात, पंगतीत, आळीभर भांडी इकडून तिकडे जातात. ती ओळखून परत यावीत म्हणून नाव. पण एवढेच कारण असते तर नाव किंवा खूण पुरली असती. प्रत्यक्षात भांड्यावरील मजकूर ह्याहून पुष्कळ अधिक सांगतो. कोणी दिले, कोणास दिले, कोणत्या प्रसंगी दिले आणि केव्हा दिले, ही चारही अंगे त्यात बहुधा असतात. ‘चि. सौ. कां.’ ह्या अक्षरांनी आरंभ झाला तर लग्न. ‘यांजकडून’ असा शेवट झाला तर आहेर. ‘स्मरणार्थ’ आले तर मृत्यू. बारसे, मुंज, वास्तुशांत, मंगळागौर ह्यांची नावे कधी पूर्ण, कधी आद्याक्षरांनी येतात. ताम्रपट वाचणाऱ्या अभ्यासकाला ही रचना अपरिचित वाटू नये. दाता, प्रतिग्रहीता, निमित्त आणि मिती हीच चौकट तेथेही असते; फरक इतकाच की तेथे गाव दिलेला असतो, येथे तांब्या.

ह्या लेखांतील एक गोष्ट मात्र मनास लागते. भांडे वापरणारीचे नाव त्यावर असेलच असे नाही. पतीची आद्याक्षरे, सासऱ्यांचे पूर्ण नाव, माहेरच्या भांड्यावर मामाचे किंवा भावाचे नाव, असा प्रकार फार. तिचे नाव आलेच, तर ते लग्नाच्या दिवशी बदललेले. म्हणजे माहेरून आलेल्या पातेल्यावर तिला त्या दिवसापर्यंत कोणी हाक न मारलेले नाव. तरीही घरातील इतर सर्व चीजवस्तूंशी तुलना केली, तर जमिनीच्या उताऱ्यावर, घराच्या खरेदीखतावर, दुकानाच्या पाटीवर जिचा मागमूस नाही, तिचा लेखी उल्लेख जेथे हमखास सापडू शकतो ती जागा म्हणजे मांडणीवरची फळी होय. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिला संपूर्ण स्वामित्व दिले. परंतु कायद्याच्या कितीतरी आधीपासून, दागिना गहाण पडला तरी भांडी आपली, ही समजूत घरोघर होती. अर्थात दुष्काळात भांडीही जात. ह्या जिल्ह्याने दुष्काळ थोडे पाहिलेले नाहीत.

मालकीबरोबर मिळकतीचाही प्रश्न येतो. जिच्या हाती रोकड नाही, तिने संग्रह कसा केला ? ह्याचे उत्तर बोहारीण ह्या व्यक्तीत आहे. डोक्यावरच्या पाटीत पातेली, डबे आणि वाट्या घेऊन दारोदार हिंडणारी, जुने कपडे घेऊन त्यांच्या मोबदल्यात भांडे देणारी ही स्त्री आपल्या अर्थशास्त्राने फारशी मनावर घेतलेली नाही. दोन साड्या, एक विजार आणि वर थोडी घासाघीस, एवढ्यावर स्टीलचा डबा घरात येई. पैसा पुरुषाच्या खिशातून निघावा लागत नसे, म्हणून परवानगीही लागत नसे. गृहिणीच्या संग्रहात निरुपयोगी वाटणाऱ्या कित्येक वस्तू ह्या मार्गाने आलेल्या असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘गरज नसताना घेतले’ ह्या आक्षेपाचा निम्मा जोर ओसरतो. तिला त्या वेळी त्या डब्याची गरज नसेल. परंतु स्वतः ठरवून एखादी वस्तू घरात आणण्याची गरज होती, आणि ती भागविण्याचे दुसरे साधन तिच्यापाशी नव्हते. पुढे हेच काम भिशीने केले. महिन्याच्या वर्गणीतून एकदा हाती येणाऱ्या रकमेचा मिक्सर होतो, आणि त्या मिक्सरवर घरातील दुसऱ्या कोणाचा उपकार नसतो.

संग्रहाची बाजू इतकी घेतल्यानंतर त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. भांड्यांची संख्या सर्वस्वी हौसेने वाढलेली नाही. सोवळ्याओवळ्यानेही ती वाढविली आहे. स्वयंपाकाची वेगळी, पाण्याची वेगळी, विटाळातील वेगळी, गड्याचा कप वेगळा. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) ह्या आत्मचरित्राकडे ह्या दृष्टीने पुन्हा पाहावयास हवे. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही, असा कटाक्ष असलेल्या वडिलांच्या घरी त्या वाढल्या. १८९५ मध्ये ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याजवळ आल्या, तेव्हा प्रारंभी त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे राखले. १९०० मध्ये त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्मांतराची ही कथा श्रद्धेच्या अंगाने वाचण्याची आपणांस सवय झालेली आहे. ती भांड्यांच्या अंगाने वाचली तर अधिक उलगडते, असे मला वाटते. कारण जातीची भिंत लक्ष्मीबाईंच्या मनात जेथे प्रत्यक्ष उभी होती, ती जागा चूल आणि हंडा हीच होती, आणि ती ढासळली तीही तेथेच. तेव्हा मांडणीवरील प्रत्येक जादा भांडे हे गृहिणीच्या स्वातंत्र्याची खूण आहे, असे म्हणू लागलो तर ती भाबडी समीक्षा होईल. त्यांतील काही भांडी दुसऱ्या कोणाला तरी ओंजळीने पाणी प्यावयास लावणारी आहेत.

छापील पाकग्रंथांविषयी थोडक्यात. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चे. ह्याच १९१० साली कलकत्त्यास इंदुमाधव मल्लिक ह्यांनी इकमिक कुकर तयार केला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. एकीकडे हजार कृतींचे आश्वासन, दुसरीकडे एकावर एक डबे रचून खालच्या निखाऱ्यावर सगळे जेवण एकदम शिजविण्याचे आश्वासन. पहिले सुगरणीला उद्देशून, दुसरे बिऱ्हाडकरू कारकुनालाही परवडणारे. कमलाबाई ओगले ह्यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी आणि चमचा ह्यांना मापाची प्रतिष्ठा दिली, हे त्या पुस्तकाच्या यशाचे एक मोठे कारण होय. त्यामुळे घरातील एक विशिष्ट वाटी इतर वाट्यांतून वेगळी निघाली. ती फुटली नाही, हरवली नाही, तोवर त्या घराची चव तिच्यावर अवलंबून राहिली. उपकरण हे केवळ साधन न राहता प्रमाण कसे बनते, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मजपाशी नाही.

यंत्रांचा विचार करताना मात्र आपले टीकाकार हटकून हळवे होतात. जाते गेले आणि ओवी गेली, असा सूर लागतो. ओवी मोलाची, ह्यात संशय नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ ह्यांनी आरंभिलेल्या प्रकल्पातून महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि त्या गाणाऱ्या स्त्रियांची नावे व गावे ह्यांसह नोंदल्या गेल्या, हे फार मोठे कार्य आहे. परंतु पहाटे उठून घरातल्या दहा माणसांचे बाजरीचे पीठ ओढणाऱ्या बाईस, जाते ठेवू की गिरणी आणू, असा प्रश्न कोणी विचारला असता, तर तिने काय उत्तर दिले असते ह्याविषयी मला शंका नाही. गावात गिरणी आली तेव्हा जाते अडगळीत टाकण्यासाठी कोणाला सक्ती करावी लागली नाही.

त्याचप्रमाणे मिक्सरचे. १९६३ मध्ये सत्यप्रकाश माथुर ह्यांनी ‘सुमीत’ बाजारात आणला. त्याची कथा सर्वश्रुत आहे : पत्नीचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्याकडील वाटणाचा भार सोसेना, तेव्हा त्यांनी अधिक ताकदीची मोटर बसवून नवे यंत्र रचिले. ह्या कथेत शोधकाचे कौतुक होते, ते योग्यच आहे. पण परदेशी यंत्राची पहिली खरी परीक्षा हळकुंड आणि सुके खोबरे हाती घेतलेल्या बाईने केली, आणि तिच्या परीक्षेत ते नापास झाले, इकडे कोणाचे लक्ष जात नाही. उपकरणांची समीक्षा स्वयंपाकघरात सदैव चालूच असते. ‘हिच्यात चटणी भरड राहते’, ‘ह्याची चकती घट्ट बसत नाही’, ‘हा सोऱ्या हाताला लागतो’ ही विधाने मूल्यविवेचनाचीच आहेत. त्यांना परिभाषा नाही, एवढेच.

तथापि यंत्राने श्रम वाचतात हे गृहीतही जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्त्झ कोवन ह्यांनी ‘मोअर वर्क फॉर मदर’ (१९८३) ह्या ग्रंथात दाखविले, की घरगुती यंत्रे आली तसतसा घरातील पुरुषांचा, मुलांचा आणि नोकरांचा वाटा कमी झाला, अपेक्षा वाढल्या, आणि सगळे काम एकट्या गृहिणीवर येऊन पडले. आपल्याकडे हे सिद्धान्तरूपाने सांगण्याचीही गरज नाही. दिवाळीचा फराळ पाहावा. पूर्वी चकल्या पाडावयास चार घरच्या बायका एकत्र बसत. आता प्रत्येक घरी सोऱ्या आहे, म्हणून प्रत्येक घरी एकटी बाई चकल्या पाडते. पुरणयंत्राविषयी माझे मत अनुकूल आहे. पाट्यावर पुरण वाटताना खांद्यांना बसणारी ओढ ते खरोखरच कमी करते, धुण्यासही ते सोपे. परंतु एकाच पदार्थासाठी घेतलेली, पाच सुटे भाग असलेली आणि प्रत्येक भागाच्या फटीत पीठ अडकणारी जी आधुनिक उपकरणे आहेत, ती कापण्याचे पाच मिनिटांचे श्रम वाचवितात आणि घासण्याचे पंधरा मिनिटांचे वाढवितात. ते घासणे बहुधा दुसऱ्याच स्त्रीच्या वाट्यास येते, आणि तिला ह्या संग्रहाचे कौतुक वाटत असेल असे मानण्यास आधार नाही. भाकरीची गोष्ट निराळी. काठवट गेली, परात आली. चुलीच्या जागी गॅस आला. बाजरीच्या पिठावर फिरणारा तळहात मात्र ह्या जिल्ह्यात अजून तोच आहे.

संग्राहकाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न शेवटी घेतो, कारण माझ्या मते मूळ अन्याय तेथे आहे. पुण्यास दिनकर केळकर ह्यांनी, म्हणजे कवी अज्ञातवासी ह्यांनी, आयुष्यभर अडकित्ते, दिवे, पळ्या, किसण्या, शेवयांची यंत्रे जमविली. १९७५ मध्ये त्यांनी तो संग्रह राज्य शासनास दिला. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, आणि तो पाहून आपण धन्य होतो. धन्य व्हावे असाच तो आहे. परंतु ह्यांतील कित्येक वस्तू कोणा ना कोणा गृहिणीच्या फळीवरून आलेल्या असणार. तिने एक किसणी जपली तेव्हा ती अडगळ होती. केळकरांनी शंभर जपल्या तेव्हा तो वारसा झाला. संख्येमुळे हा फरक पडला, असे म्हणता येत नाही; संख्या वाढली की गृहिणीचा उपहास वाढतोच. खुद्द नगरला १९९४ पासून रणगाड्यांचे प्रेक्षणीय संग्रहालय आहे. एकदाच वापरलेली यंत्रे जपून ठेवण्याबद्दल तेथे कोणी कोणास हसत नाही.

संग्रहाला भिंत लागते आणि फळी लागते, हे मात्र विसरता कामा नये. ह्याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड ह्या भागांतून दरवर्षी दसरादिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. तवा, परात, एकदोन पातेली, पाण्याचा हंडा, पिठामिठाचे डबे : गाडीत मावेल तेवढाच संसार. कोपीच्या कुडाला खिळा ठोकता येत नाही. अशा घरातील स्त्रीला उपकरणांची हौस नसते असे नव्हे. यात्रेतल्या भांड्यांच्या दुकानापुढे तीही थांबते. पण जे घ्यावयाचे ते सहा महिने वाहून न्यावयाचे, हा हिशेब तिच्या मनात पहिला येतो. ह्या दोन फळ्यांमधले अंतर, एक भरलेली आणि एक नसलेलीच, हे हौसेच्या अभ्यासातून वगळता येणार नाही.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी ह्या सामग्रीकडे वळावे अशी सूचना करावीशी वाटते, आणि तीत घाई आहे. स्टीलपुढे पितळ मागे पडले, कल्हईवाला दिसेनासा झाला, आणि जुनी भांडी मोडीत जाऊ लागली. मोड घेणारा वजन करतो. अक्षरे वाचीत नाही. बारशाचा पेला, मुंजीतली परात, नात्यातल्या कोणा वृद्धेच्या स्मरणार्थ वाटलेल्या वाट्या ह्या सर्व एकाच भट्टीत वितळतात, आणि त्यांजवरील नावे दुसरीकडे कोठेही लिहिलेली नसतात. भांडे विकण्यापूर्वी त्यावरचा मजकूर उतरून घेण्यास एक वही आणि पाच मिनिटे लागतात. अक्षरे घासून पुसट झालेली असतील तर त्यावर पिठाची चिमूट चोळावी. खाचांत पीठ बसले की नाव वाचता येते.